आमटी अळणी लागतेय? मिठाला हात लावण्याआधी या चुका टाळा

इंदुरात थंडी पडली की मराठी घरांतल्या पंगतीत एक तक्रार हमखास येते: "आमटी अळणी झालीये गं." लगेच वरून मीठ पडतं आणि बाकीच्यांना ती आमटी तोंडात धरवत नाही. मीठ बरोबरच असतं, तक्रार करणाऱ्याचं नाक चोंदलेलं असतं.

जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (रश्श्यासारखी भरीव, रुचकर चव) एवढंच कळतं. उमामी ही पाचवी चव किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये दाखवून दिली. बाकीचा स्वाद म्हणजे घास चावताना घशामागून नाकात चढणारा वास. पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला, म्हणजे जिरावण, चिमूटभर घ्या, नाक घट्ट दाबून जिभेवर ठेवा. खारट, आंबट, जरा चुरचुरीत, बस. आता नाक सोडा. जिरं, बडीशेप, हिंग एकदम उमटतात.

म्हणून सर्दी असेल तर मीठ रोजच्या मापानेच घाला आणि चव दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा. आजी-आजोबांच्या ताटात तर विशेष जपा. वयाबरोबर वास मंदावतो, पदार्थ फिका लागतो, आणि रक्तदाब असलेल्यांना वरचं मीठ बाधतं. त्यांच्या वरणाला वरून हिंग-जिऱ्याची ताजी फोडणी द्या, लिंबू पिळा. तासभर शेगडीपाशी उभं राहणाऱ्याचं नाकही त्या वासाला सरावतं. चव घेण्याआधी दोन मिनिटं गच्चीत जाऊन या.

श्रीखंडाची चूक वेगळी. फेटताना गोडी बेताची वाटते, फ्रीजमधून काढल्यावर कमी वाटते. गोडीचा संदेश पुढे पाठवणारी जिभेवरची यंत्रणा थंडाव्यात मंद चालते. वाटीभर श्रीखंड आधी गार करून चाखा, साखर मग ठरवा. जे जसं वाढायचं, तसंच चाखायचं.

सराफ्यात, म्हणजे इंदुरातल्या रात्रीच्या खाऊबाजारात, तिखट लागलं की लोक पाण्याची बाटली उघडतात. तिखटपणा ही मुळात चवच नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णतेची जाणीव देणाऱ्या ग्राहीला चेतवतं, म्हणून तोंड पोळल्यासारखं होतं. ती ग्राही शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. दूध किंवा दही घ्या, गरम चहा मुळीच नको.

आणि मुलांचं कडू औषध जिभेच्या शेंड्यावर ठेवून काही साधत नाही. शेंड्याला गोड, मागे कडू हा पाठ्यपुस्तकातला नकाशा १९०१ च्या एका जर्मन संशोधनाच्या चुकीच्या वाचनातून पसरला. पाचही चवी जिभेवर जिथे जिथे चवीच्या कळ्या आहेत तिथे कळतात.

सर्दी बरी होऊनही काही आठवडे हिंगाचा वास येत नसेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. तोवर गॅसची गळती घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी तपासू द्या.