टायगर मॉथ उभं करताना: कोल्हापूरचा पाऊस, लेथ आणि चार पंख

डी हॅविलँड टायगर मॉथचं पहिलं उड्डाण १९३१चं. दुसऱ्या महायुद्धात हजारो वैमानिक याच विमानावर शिकले. धड पोलादी नळ्यांचं, पंख स्प्रूस लाकडाचे, वर ताणलेलं कापड. अशा जुन्या विमानाचा सांगाडा हाती आला की ते पुन्हा उभं करायचं काम पाच-सात वर्षांचं धरावं आणि कोल्हापूरच्या हवेवर बसवावं. जून ते सप्टेंबर धातूकाम, इंजिन आणि मोजमापं. सरस, कापड आणि डोप (कापड ताणून घट्ट करणारा लेप) नोव्हेंबर ते मे. हा क्रम मोडला तर तेच काम पुन्हा करावं लागतं.

खोलण्याआधी प्रत्येक जोडाचे फोटो काढावेत, प्रत्येक भागाला नंबरचा पत्र्याचा बिल्ला बांधावा. कुजलेली रिब (पंखाला आकार देणारी लाकडी फासळी) किंवा वाकलेला ब्रॅकेट भंगारात टाकू नये. नवा भाग करताना तोच नमुना असतो. कॉकपिटमधल्या जुन्या घड्याळांच्या म्हणजे मापकांच्या अंधारात चमकणाऱ्या आकड्यांवर रेडियमचा रंग असू शकतो. रेडियमचं अर्धआयुष्य सुमारे १६०० वर्षं, त्यामुळे चमक गेली तरी किरणोत्सर्ग राहतो. काच उघडू नये, रंग खरवडू नये. पूड श्वासात जाणं सर्वांत वाईट.

धडाच्या नळ्या बाहेरून चकचकीत आणि आतून गंजलेल्या असतात. पाणी खालच्या नळ्यांत, शेपटीकडे साचतं, म्हणून तपासणी तिथूनच सुरू करावी. फौंड्रीच्या कामामुळे कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव औद्योगिक भागात अल्ट्रासॉनिक आणि मॅग्नेटिक पार्टिकल तपासणी करून मिळते. जाडी आणि वेल्डिंगजवळचे तडे दोन्ही बघून घ्यावेत. दुरुस्तीनंतर नळीत गरम जवसाचं तेल ओतून सगळीकडे फिरवावं, निथळू द्यावं आणि भोक पक्कं बंद करावं.

कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या उद्यमनगरात नमुना दाखवला की संध्याकाळपर्यंत तसाच भाग हातात पडतो. ही कोल्हापूरची मोठी ताकद आहे, पण या विमानात सर्वांत जपून वापरायची तीच. जिग (भाग अचूक जागी धरणारा साचा), स्टँड, पुलर, बुश काढायची हत्यारं इथे खुशाल करून घ्यावीत. धडाखालून आडव्या जाणाऱ्या आणि खालचे पंख धरून ठेवणाऱ्या टाय रॉडना मात्र लेथ लावू नये. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात उडत्या टायगर मॉथचा डावा पंख निकामी होऊन दोघांचा जीव गेला. तुटलेल्या टाय रॉडच्या आट्यांमध्ये थकव्याचे तडे आधीपासूनच होते. हे रॉड मंजूर उत्पादकाकडून प्रमाणपत्रासह घ्यावेत आणि २००० उड्डाण तास किंवा १८ वर्षं, जे आधी भरेल तेव्हा, बदलावेत. दिसायला नवे आहेत म्हणून पुढे चालवू नयेत.

आट्यांची आणखी एक फसगत. या विमानात बीएसएफ आणि बीए या जुन्या ब्रिटिश मापांचे आटे आहेत. ० बीएचा व्यास ६ मिमी आणि पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १ मिमी, म्हणजे बाजारातल्या मेट्रिक एम६ इतकाच. नट चढतोही. पण बीए आट्याचा कोन साडेसत्तेचाळीस अंशांचा, मेट्रिकचा साठ. पकड मोजक्या रेषांवर येते आणि कंपनाने नट सैल पडतो. बीएचे नट-बोल्ट वेगळ्या डब्यात कुलपात ठेवावेत.

पंखाच्या स्पारसाठी, म्हणजे लांबीभर जाणाऱ्या मुख्य तुळईसाठी, सागवान सुचवणारे भेटतील. सागवान जड आणि तेलकट, त्यावर सरस नीट धरत नाही. विमानाच्या प्रतीचं स्प्रूसच हवं: इंचात किमान ६ वलयं, रेषांचा तिरकेपणा १५ला १ पेक्षा जास्त नाही, ओलावा ८ ते १२ टक्के. मीटर लावल्याशिवाय फळी कापू नये. तिरक्या कापून चिकटवलेल्या सांध्याचा उतार १२ला १ ठेवावा. जुना केसीन (दुधातल्या प्रथिनाचा) सरस ओल लागून बुरशीने सुटतो, म्हणून वरून धड दिसणारा सांधाही तपासावा. रिबच्या जिगसाठी फौंड्रीचे पॅटर्न करणारा सुतार गाठावा. अर्ध्या मिलिमीटरची सवय त्याच्या हाताला असते.

डोपचं काम हवेतल्या ओलीने बिघडतं. द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर वाफ धरते आणि थर पांढरा, कमजोर होतो. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर असेल तर डबा उघडूच नये. पांढरं पडलंच तर कोरड्या दिवशी रिटार्डर (उडणं मंद करणारं द्रावक) घातलेला पातळ हात द्यावा. नायट्रेट डोप भडका घेतं: ग्राइंडर, शेगडी, साधा विजेचा पंखा, काहीही त्या खोलीत नको. पंखाच्या मागच्या कडेला पाणी निथळायची भोकं ठेवायला विसरू नये, नाहीतर पहिल्याच जुलैत लाकूड आतून कुजायला लागतं.

जिप्सी मेजर इंजिन उलटं, सिलिंडर खाली. बंद ठेवलेल्या इंजिनातलं तेल त्यांत उतरतं. बरेच दिवस बंद राहिलं तर मॅग्नेटोचे (प्लगला ठिणगी देणाऱ्या यंत्राचे) स्विच बंद करून, चाकांना अडण लावून, प्रत्येक सिलिंडरच्या दोन प्लगपैकी एक काढावा आणि पुढचा पंखा (प्रोपेलर) हाताने सावकाश दोन पूर्ण फेऱ्या फिरवावा. स्विच बंद असला तरी इंजिन चालू होईल असंच समजून पंखा हाताळावा. साचलेल्या तेलामुळे अडकलं तर जोर लावू नये, कनेक्टिंग रॉड वाकतो. उलटंही फिरवू नये, कारण तेल इनलेट पाइपात जातं आणि सुरू करताना परत सिलिंडरमध्ये येतं. दुसरेही प्लग काढावेत, तेल खाली सांडू द्यावं आणि मगच पुढे जावं.