४४नेटचे पत्ते सोलापुरात आणायचे, तर होस्ट कसा निवडाल?

हॅम (हौशी रेडिओ) परवान्यावर एआरडीसी या संस्थेकडून ४४ने सुरू होणारे आयपी पत्ते मिळतात; यालाच ४४नेट म्हणतात. ते स्वतः इंटरनेटवर जाहीर करायला मात्र बीजीपी (कुठले पत्ते कुठे आहेत हे नेटवर्कं एकमेकांना कळवतात ती पद्धत) देणारा व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा आभासी सर्व्हर लागतो. /२४, म्हणजे २५६ पत्ते, त्याहून लहान तुकडा बहुतेक नेटवर्क घेतच नाहीत.

पैसे भरण्याआधी होस्टला तिकीट टाका: ग्राहकाचे पत्ते जाहीर करता का? एलओए, म्हणजे पत्ते जाहीर करायला परवानगी देणारं पत्र, चालतं का? स्वतःचा एएसएन (बीजीपीत नेटवर्कची ओळख सांगणारा क्रमांक) नसेल तर खासगी क्रमांकावर बीजीपी जोडणी देता का? बीजीपीचे वेगळे पैसे किती? ‘बघून सांगतो’ आलं की दुसरा गाठा. सर्व्हर मुंबईत असलेला बरा. फ्रँकफर्टला वळसा पडला तर इकोलिंकवर (इंटरनेटवरून हॅम रेडिओ बोलणं) उशीर जाणवतो.

पुढे सर्व्हरपासून घरापर्यंत वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा. सीजीनॅटमागे (अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता) असाल तर कीपअलाइव्ह, म्हणजे जोडणी जागी ठेवणारा संदेश, दर २५ सेकंदांनी ठेवा, नाहीतर बाहेरून काहीच पोचत नाही. पिंग चालतो पण वेबपान अर्ध्यात लटकतं? दोष एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचा. पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने जोडणाऱ्या) लाइनवर नेहमीच्या १४२० ऐवजी १४१२ करा. आणि ४४च्या पत्त्यावरून जाणारी उत्तरं बोगद्यातूनच परत पाठवा. ती घरच्या लाइनने निघाली, तर आयएसपी (इंटरनेट कंपनी) ती गुपचूप टाकून देतो, आणि तुम्ही फायरवॉल उकरत बसता.