दहा मीटर एअर रायफल: पेलेटचा लॉट कसा निवडायचा

ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या एका टूलरूममध्ये मी ३१ वर्षं इन्स्पेक्शनला होतो. लेक नववीत असताना एअर रायफलला लागली. तिच्या पेलेटच्या, म्हणजे शिशाच्या छऱ्यांच्या, पहिल्या डबीवर ४.५० (मिलिमीटर) हा आकडा पाहिला आणि सवयीने मी मायक्रोमीटर काढला. एक पेलेट धरलं, रॅचेटची एक टिकटिक होईपर्यंत फिरवलं, ४.४९. तेच पेलेट पुन्हा मोजलं, ४.४८. तिसऱ्यांदा ४.४७. भिंगाखाली धरलं तेव्हा डोक्याच्या कडेला समोरासमोर दोन चपटे, चकचकीत डाग दिसले. शिसं इतकं मऊ असतं की मोजता मोजता मीच ते चेपत होतो.

त्या दिवसापासून माझं मत पक्कं आहे. पेलेट टेबलावर मोजून निवडता येत नाही, ते बॅरलमधून झाडूनच निवडावं लागतं.

आता या निवडीला एवढं महत्त्व का, ते बघा. नेमबाज सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत ४०० पैकी ४०० केले, तेव्हा दहा म्हणजे दहा, पूर्णांकात मोजणी होती. २०१३ पासून क्वालिफिकेशनलाही दशांश आले. टार्गेटच्या कार्डावरचा दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा. १०.० पासून १०.९ पर्यंतची प्रत्येक पायरी पाव मिलिमीटरची. ग्रुपचा, म्हणजे कार्डावर पडलेल्या शॉटच्या पुंजक्याचा, व्यास अर्ध्या मिलिमीटरने फुगला, तर कडेचा शॉट पाव मिलिमीटर लांब पडतो आणि एक दशांश जातो. साठ शॉटपैकी निम्म्यांना जरी असा फटका बसला तरी तीन गुण गेले. तीन गुणांत फायनलच्या आठ जणांतली जागा जाते. मुलगी उभी राहण्यात, श्वासात, ट्रिगरमध्ये वर्षभर मेहनत करते, ते गुण डबीपायी जाऊ नयेत.

पेलेटचे तीन भाग लक्षात ठेवा: पुढचं सपाट डोकं, मधली कंबर आणि मागचा पोकळ घेर. डोकं बॅरलच्या आतल्या आट्यांवर बसतं, घेर मागची हवा अडवतो. मॅचच्या पेलेटचं वजन साधारण ०.५३ ग्रॅम, आणि डोक्याचे माप ४.४९, ४.५०, ४.५१ असे छापलेले असतात. पण डबीवर त्याहून महत्त्वाची गोष्ट आहे लॉट नंबर, म्हणजे एका खेपेत बनलेल्या पेलेटचा क्रमांक. तो स्टिकरवर बारीक अक्षरात असतो. एकाच कंपनीचं, एकाच मापाचं पेलेट, पण लॉट बदलला की डाय (साचा) बदललेली असू शकते, शिशाची बॅच वेगळी असू शकते. टूलरूममध्ये काम केलेल्या कोणालाही हे वेगळं सांगावं लागणार नाही.

चाचणीसाठी दोन-तीन मापांचे, जमतील तितक्या लॉटचे एकेक डबे आणा. क्लबमधल्या चार पालकांनी मिळून आणले तर खर्च विभागला जातो, आम्ही तसंच करतो. चाचणी रेंजवरच करायची, कोचसमोर. घरच्या गॅलरीत किंवा सोसायटीच्या गच्चीवर अजिबात नाही.

रायफल व्हाइसमध्ये (शिकंज्यात) घट्ट बसवा. व्हाइस ज्या टेबलावर आहे ते हाताने ढकलून बघा. किंचितही हललं तर आधी ते पक्कं करा, नाहीतर तुम्ही टेबलाची चाचणी घेत बसाल. सिलिंडरमध्ये भरपूर हवा ठेवा, मी १०० बारच्या खाली जाऊ देत नाही. लॉट बदलला की पहिले पंधरा-वीस शॉट मोजायचे नाहीत, बॅरलला नव्या शिशाची सवय होऊ द्यायची. मग दहा-दहा शॉटचे किमान तीन ग्रुप, प्रत्येक वेगळ्या कार्डावर. पाच शॉटच्या ग्रुपवर विसंबू नका. पाच शॉट कोणत्याही पेलेटचे एखाद्या वेळी सुंदर पडतात.

कार्डावरच्या भोकाची बाहेरून बाहेर रुंदी व्हर्निअरने मोजा आणि त्यातून ४.५ वजा करा. बाहेरून ५.८ आलं तर मध्यापासून मध्य १.३. कार्डाच्या मागे लॉट, माप, तारीख लिहा. मी तिन्ही ग्रुपमधला सर्वात वाईट आकडा धरतो. सर्वात चांगला ग्रुप मनाला सुखावतो, पण मॅचमध्ये वाईटच ग्रुप भोवतो.

लेकीच्या रायफलला ४.४९ चा एक लॉट बसला. तिच्या मैत्रिणीची रायफल त्याच मॉडेलची, तिला ४.५० लागलं. म्हणून कोणी सांगितलं म्हणून, किंवा चॅम्पियन वापरतो म्हणून, पेलेट घेऊ नका.

लॉट सापडला की त्याच दिवशी साठा करा. हिशोब सोपा आहे. रोज १००, आठवड्याला पाच दिवस, वर्षाचे ४८ आठवडे: २४,००० पेलेट, पाचशेचे ४८ डबे. एवढे एकदम परवडत नसतील तर निदान मॅचपुरते बाजूला काढा आणि सरावाला दुसरा बरा लॉट वापरा. एका वर्षी मी विक्रेत्याला फोनवर "तेच ४.४९ पाठवा" एवढंच सांगितलं. डबे तसेच दिसणारे आले, लॉट वेगळा होता. स्पर्धेच्या आदल्या दिवशी सरावात ग्रुप उघडला आणि लेक दोन तास स्वतःच्या ट्रिगरमध्ये चूक शोधत राहिली. तेव्हापासून पैसे देण्याआधी स्टिकरचा फोटो मागवतो.

पेलेट डायमधून काढून घरीच मापात आणता येईल, असं मलाही वाटलं होतं. ४.५० चं रीमर केलेलं भोक आणि पंच असा जोड मी बनवला. डोकी एकसारखी झाली, पण पंचाच्या दाबाने घेर चेपला आणि ग्रुप आधीपेक्षा मोठे आले. हा नाद करू नका. योग्य मापाचं तयार पेलेट शोधणंच बरं.

लॉट ठरल्यावर त्यातली एकेक पेलेट निवडायची असतील तर डोळ्यांनी निवडा. पांढऱ्या कापडावर पन्नास-पन्नास उपडे मांडायचे, वर चांगला दिवा. घेर वाकडा, कडेला खाच, आत शिशाचा कण अडकलेला, अशी पेलेट सरावात टाकायची. सोनाराच्या काट्यावर वजन करणंही मी वर्षभर केलं. चांगल्या लॉटमध्ये त्याने फारसा फरक पडला नाही, आता फक्त राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धेआधी करतो.

आपल्याकडे खरा शत्रू पावसाळा. जून ते सप्टेंबर ठाण्याची दमट हवा उघड्या डबीत शिरली की शिशावर पांढरी भुकटी धरते. असं पेलेट वापरू नका, पुसूनही नाही. डबे हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि पुड्या महिन्याला बदला. दुसरा शत्रू प्रवास. पनवेल लोकलमध्ये खचाखच गर्दीत बॅग आपटत जाते, पेलेट एकमेकांवर घासतात. झाकणाखाली फोमचा गोल तुकडा बसवा, आत खुळखुळ आवाज यायला नको. मॅचच्या दिवसाची साठ अधिक सायटर्सची (मॅचआधीच्या सराव शॉटची) पेलेट आम्ही खाचांच्या ट्रेमध्येच नेतो.

शिसं हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावू द्यायचा नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. निवड करायचं कापड स्वयंपाकघरात नको. टेबल झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

आणि डबी उघडली की झाकणावर मार्करने लॉट नंबर लिहा. स्टिकर बोटांच्या घामाने महिनाभरात पुसट होतो.