किशोर कादंबरीत लहानशा निर्णयाचे गंभीर परिणाम कसे रचावेत

किशोरवयीन वाचकांसाठी कादंबरी लिहिताना पहिला निर्णय इतका साधा ठेवावा की वाचकाला त्यात वावगे काही दिसूच नये. समजा, ऐरोलीत राहणारी १६ वर्षांची मुलगी आहे, ठाण्याच्या क्लासला उशीर होतो आहे, आईच्या स्कूटरची किल्ली खुंटीला आहे आणि जायचे आहे ते फक्त स्टेशनपर्यंत. वाईट संगतीपासून आरंभ करू नये. तसे केले की पुढे उपदेश येणार हे या वयाचा वाचक लगेच ओळखतो.

पुढची प्रत्येक पायरी नव्या निर्णयाने घडली पाहिजे. योगायोग एकदा चालतो, दुसऱ्यांदा आला की लेखकच शिक्षा देतो आहे असे वाटू लागते. सेक्टरच्या वळणावर एका सायकलवाल्या आजोबांना स्कूटरचा धक्का लागतो. ते उठतात, पँट झटकतात आणि ‘‘काही नाही झालं, जा बाळ तू,’’ असे म्हणतात. ती जाते. कादंबरीचा खरा सांधा हाच असल्यामुळे इथे मुळीच घाई करू नये: तिने घड्याळ पाहिले का, वाकलेले हँडल सरळ करून दिले का, आजोबांचा हात डोक्यामागे गेलेला तिला दिसला होता का, हे सावकाश लिहावे. डोक्याला मार लागलेला माणूस काही तास नीट बोलता-चालता राहून मग अत्यवस्थ होऊ शकतो, त्यामुळे पुढच्या घटनेसाठी वेगळा योगायोग शोधावा लागत नाही. संध्याकाळी मडगार्डवरच्या ओरखड्याबद्दल आई विचारते आणि मुलगी म्हणते, ‘‘पार्किंगमध्ये कोणीतरी घासली असेल.’’

कायदा लेखकाने स्वतः वाचावा, कारण कथानकातला पेच पुष्कळदा तिथेच सापडतो. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो असे अनेक घरांत समजतात, पण तो ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीपुरता असतो आणि रस्त्यावरच्या बहुतेक स्कूटर त्याहून मोठ्या असतात. (तिला ताशी २५ किलोमीटरची, कमी शक्तीची विजेवरची गाडी दिलीत तर परवाना लागतच नाही आणि अर्धे कथानक कोसळते.) मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९अ नुसार अल्पवयीन चालकाच्या गुन्ह्याबद्दल पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो, शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गुन्हा आपल्या नकळत घडला किंवा तो टाळण्यासाठी आपण पुरेपूर काळजी घेतली होती हे सिद्ध केले, तरच त्याची सुटका होते. म्हणजे आईला सुटायचे असेल, तर मुलीने न विचारता किल्ली नेली हे आईलाच पोलिसांना सांगावे लागेल. आणि तोवर ‘पार्किंगमध्ये घासली’ हे उत्तर खरे मानून आईने तेच पोलिसांना सांगून टाकलेले असेल, तर तिच्यावर लपवाछपवीचाही संशय येईल.

स्थळाचे तपशील मोजकेच पण अचूक असावेत. ऐरोली आणि ठाणे यांच्या मधले दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले. त्याआधीच्या कथेत ऐरोलीनंतर थेट ठाणेच येते.

पुनर्लेखनात एक गोष्ट आवर्जून तपासावी: प्रत्येक पायरीवर मुलीला मागे फिरण्याची खरी वाट होती का, आणि ती दर वेळी अधिक महाग होत गेली का. वळणावर थांबली असती तर एक लेक्चर बुडाले असते, संध्याकाळी बोलली असती तर आईची बोलणी खावी लागली असती, आणि पोलीस दारात आल्यावर मात्र तिने खरे सांगितले, तरी आईचा आधीचा जबाब खोटा ठरणार असतो.