मुदत संपली, तरी नेट चालूच?
तुम्ही इंटरनेट सेवा देत असाल, तर लक्षात घ्या: रेडियस सर्व्हरवर (ग्राहकांची खाती आणि लॉगिन तपासणारा सर्व्हर) खातं बंद केलं, तरी ग्राहकाचं चालू पीपीपीओई सेशन (लॉगिन करून जोडलेलं ब्रॉडबँड कनेक्शन) आपोआप तुटत नाही. पासवर्ड तपासला जातो तो जोडणीच्या वेळीच. मायक्रोटिक राउटरवर रेडियसच्या ‘इनकमिंग’मध्ये ‘ॲक्सेप्ट’ चालू करा, यूडीपी 3799 पोर्ट फक्त रेडियस सर्व्हरच्या आयपीसाठी उघडा आणि मुदत संपताच रेडियसवरून राउटरला डिस्कनेक्ट मेसेज (सेशन तोडण्याचा आदेश) पाठवा. तो वाटेत हरवू शकतो, म्हणून लॉगिनलाच मुदतीचे उरलेले सेकंद ‘सेशन-टाइमआउट’मध्ये द्या, म्हणजे वेळ संपताच राउटर स्वतःच सेशन तोडेल. आणि थकबाकीदाराला लॉगिनच नाकारू नका. पुन्हा जोडताना त्याला वेगळ्या आयपी पूलमध्ये (आयपी पत्त्यांच्या गटात) टाका, तिथून फक्त बिलाचं पान आणि पेमेंटच्या साइट उघडू द्या. मला हाच मार्ग माणुसकीचा वाटतो. रात्री अकरालाही त्याला पैसे भरून नेट सुरू करता येतं.