युरोपातली कुठली मॅरेथॉन करायची? आधी आपले सोळा आठवडे बघा

आमच्या पुण्याच्या रनिंग ग्रुपवर दर वर्षी कुणीतरी विचारतंच, "पुढच्या वर्षी युरोपात एक फुल करायचीय, कुठली करू?" (फुल म्हणजे पूर्ण, ४२ किलोमीटरची मॅरेथॉन.) आणि दोन मिनिटांत पाच जण लिहितात, बर्लिन. बर्लिन छानच आहे, त्यात वादच नाही. पण विचारणाऱ्याला नक्की काय हवंय ते कुणी विचारतच नाही. त्याला साडेतीन तासांच्या आत यायचंय, का आयुष्यातली पहिली फुल करायचीय, का बायकामुलांना घेऊन आठ दिवस फिरायचंय आणि मधल्या रविवारी पळायचंय? या तिघांना एकच रेस कशी चालेल?

आणि दुसरं म्हणजे, मला तर हे पहिल्याइतकंच महत्त्वाचं वाटतं, रेस एका दिवसाची असते पण तयारी सोळा आठवड्यांची, आणि ते सोळा आठवडे आपण युरोपात नसतो, आपण पुण्यात, ठाण्यात, नाशकात, नागपुरात असतो. तिकडचे रनर कॅलेंडर बघून रेस निवडतात तेव्हा तिकडचं हवामान डोक्यात ठेवतात, आपण आपलं ठेवायला पाहिजे. म्हणून रेसची तारीख घ्या, तिथून सोळा आठवडे मागे मोजा, आणि सगळ्यात लांबचे तीन-चार लाँग रन कुठल्या महिन्यात पडतायत ते बघा. अर्धा निर्णय तिथेच होतो.

आता समजा पीबी, म्हणजे आपली आजवरची सगळ्यात चांगली वेळ, काढायचाय. त्यासाठी सपाट रस्ता, थंड हवा, कमी वळणं आणि आपल्याच पेसची (वेगाची) माणसं आजूबाजूला असायला हवीत. बर्लिनमध्ये हे बहुतेक सगळं मिळतं. सप्टेंबरच्या शेवटी असते, शेवटी ब्रँडेनबुर्ग गेटमधून जाऊन फिनिश, रस्त्यावर सगळ्यात जवळच्या मार्गाची निळी रेघ आखलेली. केनियाच्या किपचोगेने इथेच २०१८ मध्ये २:०१:३९ आणि २०२२ मध्ये २:०१:०९ चे विश्वविक्रम केले, २०२३ मध्ये इथिओपियाच्या टिगिस्ट असेफाने महिलांमध्ये २:११:५३ केलं. फक्त दोन गोष्टी लक्षात घ्या. एक म्हणजे सप्टेंबरअखेर दर वेळी थंडी असतेच असं नाही, एखाद्या वर्षी तिकडेही चांगलं गरम होतं. आणि दुसरी म्हणजे आपली तयारी जून ते सप्टेंबर, म्हणजे पूर्ण पावसाळा. पावसाळ्यात पळणं वाईट नाही, पुण्यात तर तापमान तेव्हा बरंच कमी असतं, पण दमट हवेत घाम वाळत नाही, हार्ट रेट वर जातो, आणि टेम्पो रनला, म्हणजे ठरवून जोरात पळायच्या सरावाला, ठरवलेला पेस येत नाही म्हणून माणूस खचतो. खचू नका. दमट हवेत त्याच मेहनतीला पेस कमीच दिसणार, थंड हवेत तो परत मिळतो. पण बुटांच्या दोन जोड्या आलटूनपालटून वापरायच्या, एक वाळत असताना दुसरी, आणि काखेत-मांडीत व्हॅसलिन लावल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही.

स्पेनमधली व्हॅलेन्सिया डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, समुद्राच्या काठचं शहर, रस्ता सपाट, हवा थंड, आणि फिनिश पाण्यावर बांधलेल्या निळ्या प्लॅटफॉर्मवर. केनियाच्या केल्विन किप्टमने २०२२ मध्ये पहिल्याच मॅरेथॉनमध्ये इथे २:०१:५३ केलं होतं. वेळेसाठी पळणाऱ्याला मी बर्लिनच्या आधी हीच सांगेन, गर्दी बर्लिनपेक्षा कमी आणि हवेचा भरवसा जास्त. मात्र सोळा आठवडे मागे मोजलेत तर ऑगस्टचा मध्य येतो, म्हणजे गणपती, नवरात्र, दिवाळी सगळं तयारीच्या आत. ढोल-ताशा पथकात असणाऱ्यांनी हे आधी नीट विचारात घ्यावं, रात्री अकरापर्यंत ढोल वाजवून पहाटे चारला पंचवीस किलोमीटर होत नाहीत, आणि ऑक्टोबर हीट वेगळीच. नोव्हेंबर आला की मग मजा येते, नेमके शेवटचे लाँग रन छान थंडीत होतात.

पण महाराष्ट्रातल्या रनरला पीबीसाठी कुठली सुचवशील असं मला कुणी विचारलं तर मी सेव्हिया सांगते, स्पेनचीच, फेब्रुवारीतली. हिच्याबद्दल आपल्याकडे बोललं जात नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. युरोपातल्या सगळ्यात सपाट शहरी मॅरेथॉन्समध्ये तिची गणना होते, फेब्रुवारीत सकाळी तिथे छान गारवा असतो, प्लाझा दे एस्पान्याच्या समोरून जाते. आणि तयारी कधी? नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी! आपल्या वर्षातला सगळ्यात चांगला काळ, पहाटे पाचला स्वेटर घालावासा वाटतो असे दिवस. त्यात जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन येते, तिथली हाफ (अर्धी, २१ किलोमीटरची) जोरात पळून बघायची, आपण कुठे आहोत ते बरोबर कळतं, आणि मग चार-पाच आठवड्यांत सेव्हिया. मुंबईची फुल मात्र करू नका मध्ये, इतक्या कमी दिवसांत दोन फुल म्हणजे दोन्हीचं नुकसान.

एप्रिलमधल्या रेस, म्हणजे पॅरिस, रॉटरडॅम, व्हिएन्ना, लंडन, यांच्यासाठी सुरुवात छान थंडीत होते पण ३० किलोमीटरच्या वरचे रन मार्चमध्ये येतात. पुणे-नाशिकवाल्यांना पहाटे चार-साडेचारला निघून जमून जाईल. विदर्भ-मराठवाड्यातल्यांना मी स्पष्ट सांगेन, एप्रिल टाळा. मार्चच्या उन्हात लाँग रनच्या शेवटच्या आठ किलोमीटरची वाट लागते आणि तयारीचा सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच असतो.

यातली रॉटरडॅम अगदी सपाट आणि जुनी वेगवान रेस, बेलायनेह डिन्सामोने १९८८ मध्ये तिथे २:०६:५० चा विश्वविक्रम केला होता, फक्त वारा लागला तर इरास्मस पुलावर जाणवतो. पॅरिस वेळेसाठी नको. शाँझेलिझेवरून सुरुवात, मग व्हॅन्सेनचं जंगल, परत येताना सीन नदीच्या काठचे बोगदे, त्या बोगद्यांतून वर येतानाचे छोटे चढ, आणि शेवटी बुलोन्यच्या जंगलात थोडा एकटेपणा. शहर बघत पळायला सुंदर, घड्याळ बघत पळायला नाही.

पहिलीच फुल असेल तर सगळ्यात आधी कटऑफ, म्हणजे रेस पूर्ण करायची वेळेची मर्यादा, वाचा. वेबसाइटवर सुंदर फोटो असतात ते नंतर बघा. आपल्याकडे साडेपाच-सहा तासांत पूर्ण करणारे खूप जण आहेत आणि त्यात काही कमीपणा नाही, पण युरोपातल्या बऱ्याच शहरांत ठराविक वेळेनंतर रस्ता ट्रॅफिकला खुला करतात आणि मागे राहिलेल्याला फुटपाथवर जावं लागतं. बर्लिनची मर्यादा सव्वासहा तासांची, अ‍ॅम्स्टरडॅमची सहा तासांची आहे, आणि अशा आकड्यांत आपल्या अंदाजापेक्षा निदान अर्धा तास मोकळा हवा. पहिलटकरांना मला अ‍ॅम्स्टरडॅम आवडते, मी स्वतः केलीय. ऑक्टोबरमध्ये असते, १९२८ च्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये सुरुवात आणि तिथेच शेवट, मध्ये अ‍ॅम्स्टेल नदीच्या काठाने एक लांब शांत पट्टा जिथे गायी आणि होड्या सोडून बघायला कुणी नसतं, तिथे मन खंबीर ठेवायचं, आणि मग परत गर्दीत आलात की शेवटचे किलोमीटर लोक अक्षरशः ओढून नेतात. बिबवरचं, म्हणजे छातीवर लावलेल्या नंबरावरचं, नाव वाचून हाक मारतात. माझं नाव त्यांना धड उच्चारता येत नव्हतं तरी मारत होते, आणि त्या वेळी ते ऐकून मला रडू आलं होतं.

लंडनचं वेगळं. ग्रिनिचच्या बाजूने सुरुवात, कटी सार्क जहाजाला वळसा, अर्ध्या अंतराच्या जरा आधी टॉवर ब्रिज, शेवट बकिंगहॅम राजवाड्यासमोरच्या 'द मॉल' नावाच्या रस्त्यावर. संथ पळणाऱ्यांनाही सांभाळून घेतात, प्रेक्षक प्रचंड. पण बॅलटमध्ये, म्हणजे प्रवेशाच्या सोडतीत, नाव लागणं फार अवघड, २०२६ च्या रेससाठी अकरा लाखांहून जास्त अर्ज आले होते. त्यामुळे लंडनवर वर्षाचा प्लॅन बांधायचा नाही. बॅलट भरून ठेवा आणि विसरून जा, लागलं तर त्या वर्षी बाकीचं बाजूला. ज्यांना मेजर्सची, म्हणजे जगातल्या ठराविक मोठ्या मॅरेथॉन्सची, स्टार्स गोळा करायचीयत त्यांना युरोपात बर्लिन आणि लंडन दोनच, दोन्हीसाठी बॅलट, चॅरिटी नाहीतर टूर ऑपरेटरचं पॅकेज. चॅरिटीच्या जागेला निधी जमवायचा शब्द द्यावा लागतो, तो आकडा आधी नीट बघून मगच सही करा.

आता माझी लाडकी. अथेन्स.

नोव्हेंबरमध्ये असते. पहाटे बसेस तुम्हाला मॅरेथॉन नावाच्या गावात नेऊन सोडतात, हो, गावाचंच नाव ते, आणि तिथून अथेन्सपर्यंत पळत यायचं. सुरुवातीलाच इसवीसनपूर्व ४९० च्या लढाईत पडलेल्या सैनिकांच्या समाधीच्या टेकाडाला वळसा घालतात. वाटेत गावातली माणसं, लहान मुलं, ऑलिव्हच्या फांद्या हातात देतात. शेवट पानाथिनाइको स्टेडियममध्ये, सगळं पांढरं संगमरवर, १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिम्पिकमध्ये पाणी वाहून पोट भरणारा स्पिरिडॉन लुई याच ठिकाणी जिंकून आत आला होता. तेव्हा अंतर साधारण ४० किलोमीटर होतं, ४२.१९५ हा आकडा १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमधून आला. ज्याला मॅरेथॉन म्हणजे फक्त टायमिंग वाटत नाही त्याने एकदा तरी इथे जावं असं मला मनापासून वाटतं.

पण रस्ता अवघड आहे, हे लपवून चालणार नाही. पहिले दहा किलोमीटर बरेचसे सपाट, तिथून ३१ पर्यंत चढ, मध्ये थोडे उतार पण एकूण वरच वर, आणि मग शेवटचे अकरा उतार. लोक चढाला घाबरतात, पण खरी परीक्षा उताराची. तीस किलोमीटरनंतर थकलेल्या मांड्यांवर उतार आला की त्या धरतात. यासाठी सिंहगड चढून फायदा कमी, तो फार खडा आहे, इथला चढ लांब आणि सौम्य. आपल्याकडे याला सगळ्यात जवळचं म्हणजे साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन, यवतेश्वरच्या घाटाने आधी वर आणि मग त्याच रस्त्याने खाली, आणि ती सप्टेंबरमध्ये असते, म्हणजे अथेन्सच्या दोनेक महिने आधी. अगदी नेमकी तालीम. सातारा करा, आणि उतरताना ब्रेक लावत न पळता छोटी छोटी पावलं टाकत यायची सवय करा. वेळ तुमच्या सपाट फुलपेक्षा वीस-पंचवीस मिनिटं जास्त लागेल असं धरूनच जा. कटऑफ आठ तासांचा आहे, म्हणून सावकाश पळणाऱ्यालाही जमण्यासारखी, फक्त पहिली फुल म्हणून नको.

डोंगरच आवडत असतील तर स्वित्झर्लंडची युंगफ्राउ मॅरेथॉन आहे, सप्टेंबरमध्ये, इंटरलाकेनहून निघून आयगर शिखराच्या पायथ्यापर्यंत, बरेचसे चढ दुसऱ्या अर्ध्यात. ती मॅरेथॉनपेक्षा ट्रेकच्या जवळची, सह्याद्रीत नियमित फिरणाऱ्यांना तिथे फार आवडेल. आणि वाइनची आवड असणाऱ्यांसाठी फ्रान्समध्ये मेदोक, वेषभूषा करून द्राक्षमळ्यांतून, तिथे वेळेचं नावही काढायचं नाही.

घरच्यांना घेऊन जाणार असाल तर रेस ट्रिपच्या सुरुवातीला येईल असं बघा. आधी आठ दिवस रोज वीस हजार पावलं चालून मग ४२ किलोमीटर पळायचं म्हणजे सोळा आठवड्यांची मेहनत फुकट. रेस आधी, फिरणं नंतर, आणि घरच्यांना हे तिकीट काढायच्या आधी सांगा, तिकडे पोचल्यावर नाही.

व्हिसाचं बोलायलाच हवं. लंडनला यूकेचा, डब्लिनला आयर्लंडचा, बाकी वर लिहिलेल्या सगळ्यांना शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा). शेंगेनचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या महिन्यावर ठेवू नका, उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाहीत. रेसचं कन्फर्मेशन कागदांना जोडा. हॉटेल रद्द करता येणारंच घ्या. इटलीत पळायचं असेल तर मेडिकल सर्टिफिकेट लागतं का ते तपासा, बाकी देशांचेही नियम बदलत असतात, तेव्हा एंट्री भरायच्या आधी त्या रेसचे नियम पूर्ण वाचा.

आणि एक गोष्ट जी मला कुणीच सांगितली नव्हती. आपण पहाटे पाचच्या स्टार्टला सरावलेलो, तिकडे बहुतेक रेस नऊच्या सुमारास सुटतात. म्हणजे आपल्या शरीराच्या घड्याळात उन्हाळी वेळेप्रमाणे दुपारचे साडेबारा, डिसेंबरमध्ये दीड. पहाटे उपाशीपोटी निघायची सवय तिथे उपयोगाची नाही, रेसच्या तीन तास आधी नीट खायला लागतं, म्हणून शेवटच्या महिन्यात दोन तरी लाँग रन सकाळी उशिरा, खाऊन, करून बघा. मी पोह्यांचं पाकीट नेलं होतं, हॉटेलच्या किटलीच्या गरम पाण्यात झालं, पोट शांत राहिलं. स्टार्टला तासभर थंडीत उभं राहावं लागतं तेव्हा घरातला एखादा जुना स्वेटशर्ट घाला, गन वाजायच्या आधी काढून कडेला ठेवायचा, बऱ्याच ठिकाणी ते गोळा करून गरजूंना देतात. आणि फ्रँकफुर्ट किंवा डब्लिन निवडलीत तर ऑक्टोबरचा शेवटचा रविवार येतो, त्याच पहाटे, रेसच्या आधी, युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात, तेव्हा झोपायच्या आधी अलार्म कुठल्या घड्याळावर लावलाय ते दोनदा तपासा.