डावा हात गप्प झाला तेव्हा: मिडी चॅनल आणि नोट्सचे रंग

एफएल स्टुडिओ हे संगीत बनवायचं सॉफ्टवेअर. त्याच्या पियानो रोलमध्ये, म्हणजे सूर पट्ट्यांनी मांडायच्या खिडकीत, नोट दिसते आहे, प्लेहेड तिच्यावरून सरकतो आहे, प्लगइन (आवाज काढणारं वाद्य-सॉफ्टवेअर) उघडं आहे आणि आवाज मात्र नाही. या अवस्थेत मी सलग तीन रात्री काढल्या. ऑडिओ ड्रायव्हर पुन्हा टाकला, बफर कमीजास्त केला, प्लगइन काढून परत बसवलं. गडबड होती नोट्सच्या रंगात, आणि तिकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

झालं असं, की पियानोचा एक तुकडा लिहीत होते. डावा हात कुठला, उजवा कुठला हे डोळ्यांना चटकन कळावं म्हणून डाव्या हाताच्या नोट्स निवडल्या आणि त्यांना दुसरा रंग दिला. वहीत दोन रंगांची पेनं वापरतो ना, तसं. त्या क्षणापासून डावा हात गप्प. उजवा हात व्यवस्थित वाजत होता, म्हणून तर शंका भलतीकडेच जात राहिली.

एफएल स्टुडिओच्या पियानो रोलमध्ये १६ रंग आहेत, आणि हा आकडा सहज आलेला नाही. मिडी म्हणजे वाद्यं आणि सॉफ्टवेअर एकमेकांना सूर कळवतात ती भाषा, आणि चॅनल म्हणजे तिच्यातल्या वेगवेगळ्या वाटा. मिडी चॅनलही १६च. प्लगइनच्या सेटिंगमध्ये नोटचा रंग मिडी चॅनलला जोडण्याचा पर्याय चालू असेल, तर पहिला रंग पहिल्या चॅनलवर जातो, दुसरा दुसऱ्यावर, असं करत सोळाव्यापर्यंत. माझ्या सॅम्पलरमध्ये (ध्वनिमुद्रित आवाज वाजवणाऱ्या प्लगइनमध्ये) पियानो फक्त पहिल्या चॅनलवर ऐकत होता. दुसऱ्या चॅनलवर कोणी बसलेलंच नव्हतं. नोट्स निघत होत्या, पोचतही होत्या, पण घेणारं कोणी नव्हतं.

तो पर्याय मी चालू केला नव्हता. एका जाणत्या माणसाने दिलेल्या तयार टेम्प्लेटमध्ये तो आधीपासून चालू होता. म्हणून स्पष्ट सांगते: सुरुवातीचे काही महिने कुणाचंही टेम्प्लेट घेऊ नका. ते त्या माणसाच्या सवयींचं घर असतं. कुठलं बटण का दाबलेलं आहे हे त्यालाही आठवत नसतं, आणि विचारलं तर ‘माझ्याकडे तर चालतंय’ एवढंच उत्तर मिळतं. चांगला शिकवणारा तयार फाइल देत नाही. शेजारी बसून रिकाम्या प्रोजेक्टपासून एकदा तरी सगळं जोडून दाखवतो. असा कोणी भेटला तर सोडू नका.

आता मूळ गोष्ट. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हे कोणी मला आधी सांगितलं असतं तर त्या तीन रात्री वाचल्या असत्या.

मिडी १९८३ साली आलं. त्यात नोट सुरू करण्याचा संदेश तीन बाइट्सचा असतो. दुसऱ्या बाइटमध्ये कुठला सूर, तिसऱ्यात किती जोर, म्हणजे व्हेलॉसिटी. पहिल्या बाइटचे दोन भाग पडतात: अर्धा सांगतो ‘नोट सुरू कर’ आणि उरलेले चार बिट सांगतात कुठल्या चॅनलवर. चार बिटांत ० ते १५ एवढेच आकडे मावतात, म्हणून चॅनल १६. पडद्यावर आपल्याला १ ते १६ दिसतात, आत मोजणी शून्यापासून असते. चॅनलचा आकडा एकाने चुकतोय असं वाटलं तर आधी हे आठवा.

त्या तीन बाइट्समध्ये रंग कुठे आहे? कुठेच नाही. रंग मिडीचा नाही, सॉफ्टवेअरचा आहे, आणि प्रत्येक सॉफ्टवेअर त्यातून वेगळं काहीतरी दाखवतं. एबलटन लाइव्हमध्ये रंगाची गडद-फिकी छटा व्हेलॉसिटी सांगते. लॉजिकमध्येही नेहमीच्या मांडणीत रंग म्हणजे जोर: हलकी नोट जांभळ्याकडे, जोराची लालकडे. क्यूबेसमध्ये रंगाने व्हेलॉसिटी दाखवायची, सूर की चॅनल, हे तुम्ही ठरवता. म्हणजे एका सॉफ्टवेअरवरचा व्हिडिओ बघून दुसऱ्यात रंगांचा अर्थ लावायला गेलात की फसलात.

त्यात ‘चॅनल’ हा शब्द आणखी गोंधळ घालतो. एफएल स्टुडिओच्या चॅनल रॅकमधली प्रत्येक ओळ म्हणजे एक वाद्य. तिचा मिडी चॅनलशी संबंध नाही. मी कित्येक दिवस ही दोन्ही एकच समजत होते. नवीन माणसाचं इथे चुकतंच, त्यात कमीपणा वाटून घेऊ नका.

चॅनल वेगळं झालं की नोटबरोबर बाकीचंही वेगळं होतं. पिच बेंड (सूर वरखाली सरकवणं), सस्टेन पेडल (सूर धरून ठेवणारं) हे सगळं चॅनलनुसार जातं. तुमचा कीबोर्ड पहिल्या चॅनलवर पाठवत असेल आणि स्ट्रिंग्ज दुसऱ्यावर असतील, तर पेडल कितीही दाबा, स्ट्रिंग्ज धरून राहणार नाहीत. एका चॅनलवर पिच बेंड केला तर त्यावरचे सगळे सूर एकदम सरकतात. प्रत्येक सुराला स्वतःची मींड हवी म्हणून एमपीई या मिडी वापरण्याच्या पद्धतीत दर नोटला वेगळं चॅनल देतात. जनरल मिडीत, म्हणजे वाद्यांच्या ठरवून दिलेल्या मांडणीत, दहावं चॅनल ड्रम्सचं. बाहेरून आणलेल्या मिडी फाइलमध्ये बासरीऐवजी अचानक स्नेअर वाजायला लागला तर आधी तिथे बघा.

एफएलमध्ये स्लाइड नोट, म्हणजे वाजत असलेला सूर दुसऱ्या सुराकडे सरकवणारी नोट, वापरणाऱ्यांना एक सांगायचं राहिलं. स्लाइड नोट फक्त स्वतःच्या रंगाच्या नोट्सनाच ओढते. सूर सरकत नसेल तर आधी दोन्हींचा रंग जुळतोय का ते पाहा. हीच गोष्ट कामालाही येते: एका कॉर्डमधला एकच सूर सरकवायचा असेल तर त्याला आणि त्याच्या स्लाइडला वेगळा रंग द्या, बाकीचे सूर जागचे हलणार नाहीत.

हे सगळं एकदम डोक्यात बसणार नाही, बसवायची घाईही नको. मी अजूनही नवीन मल्टिटिंब्रल (वेगवेगळ्या चॅनलवर वेगवेगळी वाद्यं वाजवणारं) प्लगइन घेतलं की रिकाम्या प्रोजेक्टमध्ये चार नोट्स काढते, चारींना वेगळे रंग देते आणि एकेक वाजवून बघते. जी वाजत नाही तिच्यावर डबल क्लिक करून रंग कितवा ते पाहायचं, मग प्लगइनमध्ये त्या आकड्याचं चॅनल कोणाला दिलंय ते बघायचं. पाच मिनिटं लागतात. त्यानंतरच पहिली ओळ लिहायला घेते.